मांडीचा पापुद्रा, कानाचा पडदा

नाशिकच्या एका ऑपरेशन थिएटरमध्ये मायक्रोस्कोपखालचं दृश्य मॉनिटरवर दिसतंय. रुग्ण तरुण आहे. लहानपणापासून कान वाहतो; तेल घालून आणि कापसाचे बोळे बदलत त्याने वर्षं काढली. पडद्याला मोठं भोक आहे.

पडद्याचा व्यास जेमतेम 9 मिलिमीटर, जाडी 0.1 मिलिमीटर. त्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं. पडद्यावर पसरलेला आवाजाचा दाब रिकिबीच्या इवल्याशा तळव्यावर एकवटतो, सुमारे 20 पट वाढतो आणि म्हणूनच आतल्या कानातल्या द्रवाला हलवू शकतो. भोक पडलं की ही वाढ हातची जाते.

आधी भोकाची जुनी कड काढून ती ताजी केली जाते, कारण तिच्यावरूनच नवी त्वचा सरकणार असते. मग सर्जन हाडांची साखळी तपासतात. ऐरणीचं टोक झिजलंय, रिकिबीशी सांधा तुटलाय. तीच ऐरण बाहेर काढून बारीक ड्रिलने घडवतात आणि हातोडी व रिकिबीच्या मध्ये बसवतात. शेजारूनच चेहऱ्याची नस जाते. इथे घाई चालत नाही.

आता नवा पडदा. तो मांडीच्या स्नायूवरच्या आवरणातून कापलाय. कानशिलाच्या स्नायूचं आवरण कानाच्या शस्त्रक्रियेच्या छेदातूनच मिळतं, म्हणून जगभर तेच जास्त वापरतात. पण कापलेला तुकडा त्याच मापाचा राहतो का? नाशिकचे कानतज्ज्ञ डॉ. शब्बीर इंदोरवाला यांनी हे प्राण्यांवर तपासलं. ‘लॅरिंगोस्कोप’ या नियतकालिकात 2002 मध्ये त्यांचा निबंध आला: पहिल्यांदा धुतलेल्या कोऱ्या कापडासारखं कानशिलाचं आवरण आटतं, मांडीचं आवरण माप टिकवतं. 2005 मध्ये रुग्णांवरचा अनुभवही त्यांनी तिथेच मांडला. तुकडा थोडा जरी आटला, तरी कडेला पुन्हा फट पडू शकते. सगळ्यांच्या रोजच्या हाताखालची वस्तू मोजून पाहावीशी वाटणं, हे मला मोठं काम वाटतं.

तुकडा हातोडीच्या दांड्याखाली सरकवून विरघळणाऱ्या स्पंजचा टेकू देतात. श्रवणचाचणी काही आठवड्यांनी, जखम भरल्यावर. ऐकू किती येईल याची हमी कुणी देत नाही. पहिलं उद्दिष्ट कान कोरडा आणि निर्धोक करणं. कान वाहणं अंगवळणी पाडून घेऊ नये. लवकर दाखवला, तर अनेकदा फक्त पडदाच दुरुस्त करावा लागतो, हाडं शाबूत असतात.