गावजेवण... पण गावाचंच!

माहीत आहे का, लंडन चालतं? अक्षरशः! फिलिप रीव्हच्या 'मॉर्टल इंजिन्स'मध्ये (२००१) ते धूर ओकत, आटलेल्या नॉर्थ सीच्या तळावरून सुसाट सुटतं आणि समोरचं छोटं गाव अख्खं गिळतं. एंट्री असावी तर अशी!

या गावजेवणाला कादंबरीत भारदस्त नाव आहे: म्युनिसिपल डार्विनिझम. (हद्दवाढीत गावं आपल्या महापालिकाही गिळतात म्हणा. पण निदान मागे धावत येत नाहीत.)

आता गंमत बघा. सीरिजचा चौथा भाग म्हणजे बहुतेकदा उरलीसुरली वाफ. 'मॉर्टल इंजिन्स' मालिकेत मात्र चौथं पुस्तक, 'अ डार्कलिंग प्लेन' (२००६), फुल प्रेशरवर! चारांत सगळ्यात जाडजूड तेच, आणि गार्डियनचं बालसाहित्याचं पारितोषिकही त्यालाच. यात हॅरोबॅरो नावाचं शहर घुशीसारखं जमीन पोखरत येतं. वर अंतराळात प्राचीन अस्त्र टपलेलं. आणि जुन्या लंडनच्या भंगारात काही खटपटे लोक चुंबकशक्तीवर तरंगणारं नवं लंडन उभारताहेत. चाकं नाहीत, शिकार नाही. वाफेच्या यंत्रांवर चालणाऱ्या स्टीमपंक जगात धूर न सोडणारं शहर हीरो? मला तर हाच मास्टरस्ट्रोक वाटतो.

माहीत आहे का, या चालत्या लंडनच्या म्युझियममध्ये 'लुप्त अमेरिकेचे देव' कोण? मिकी आणि प्लूटो! कादंबरीवरच्या २०१८च्या सिनेमात त्यांच्या जागी मिनियन्स आले. देव बदलले, सिनेमा तरी आपटलाच.

मेलेल्या माणसापासून बनवलेला खुनशी यंत्रयोद्धा श्राइक अमेरिकन आवृत्तीत 'ग्राइक' होतो. वार तेवढेच खोल, काळजी नको.

रीव्ह जन्माने ब्रायटनचा. तिसऱ्या पुस्तकात त्यानं हे ब्रायटनच तरंगतं, चैनबाज रिसॉर्ट करून समुद्रात सोडलं. माहेरचा आहेर!

त्या तिसऱ्याचं नाव 'इन्फर्नल डिव्हायसेस'. याच नावाची कादंबरी १९८७मध्ये के. डब्ल्यू. जेटरनं लिहिली होती. जेटर कोण? 'स्टीमपंक' हा शब्द काढणारा पठ्ठ्या! 'मॉर्टल इंजिन्स' हे नाव शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'तून उचललेलं, 'डार्कलिंग प्लेन' मॅथ्यू आर्नल्डच्या 'डोव्हर बीच'मधून. शहरं शहरांना खातात, तर नावांनी का उपाशी राहायचं?

आणि हो, लेखक होण्याआधी रीव्ह चित्रकार. 'मर्डरस मॅथ्स' या गणिताच्या पुस्तकांमधली धमाल चित्रं त्याचीच.

चौथ्याचा शेवट? नो स्पॉयलर! फक्त पहिल्या पुस्तकाचं पहिलं वाक्य पाठ करून ठेवा. लागणार आहे.