करार, तकरार आणि तर्जुमा

काशीच्या गंगातीरावर भोसले घाट आहे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांनी तो बांधविला. शेकडो कोसांवरील तीर्थक्षेत्री असे दगडी काम उभे करावयाचे म्हणजे पैसा पोहोचविणे, मजुरी चुकविणे आणि हिशेब ठेवणे हे ओघानेच आले. त्या काळी दूरदेशी पैसा हुंडीने जाई आणि मराठी दप्तरात त्याची नोंद होई ती जमा, खर्च, बाकी, रक्कम, तपशील, तारीख अशा शब्दांनी. क्षेत्र काशीचे, धनी मराठी. परंतु हिशेबाचे हे शब्द मुळात अरबी आहेत.

ते थेट अरबस्तानातून आले नाहीत. अरबीतून फारसीत आणि फारसी राजभाषा असलेल्या बहामनी व आदिलशाही दप्तरांतून मराठीत, असा त्यांचा प्रवास झाला. शिवाजीमहाराजांनी ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेऊन अशा शेकडो शब्दांना संस्कृत प्रतिशब्द सिद्ध केले, तरी बाजारपेठेतून ते हलले नाहीत. आज भाजीवालाही ‘किंमत’ आणि ‘फायदा’ हे शब्द स्वतःचेच मानून वापरतो.

हा घरोबाच अनुवादाच्या कामात फसवा ठरतो. प्रवासात शब्दांचे रूप टिकले, अर्थ मात्र सरकले. मराठीत ‘करार’ म्हणजे उभयपक्षी ठराव. अरबीत ‘करार’ म्हणजे निर्णय, आणि आपल्या अर्थी करारनाम्याला तेथे ‘अक्द’ म्हणतात. मराठीत ‘तकरार’ म्हणजे गाऱ्हाणे. अरबीत तिचा अर्थ पुनरावृत्ती. शिस्तीच्या नियमांत हा शब्द आला, तर तो कामगाराच्या गाऱ्हाण्याविषयी नसून तीच चूक पुन्हा केल्याविषयी असतो. ‘गरीब’ म्हणजे परका. ‘रक्कम’ ज्या शब्दापासून आली तो ‘रक्म’ म्हणजे आकडा. ‘वकील’ म्हणजे मुखत्यार किंवा प्रतिनिधी. पेशवाईत परदरबारी जाणाऱ्या वकिलाच्या रूपाने हा अर्थ मराठीतही नांदत होता. शब्द ओळखीचा वाटला की अर्थही तोच असेल, असे गृहीत धरणारा दुभाषी येथेच फसतो.

लिपीच्या अडचणी वेगळ्या. अरबी मजकूर उजवीकडून डावीकडे वाचावयाचा. पण त्यातील संख्येचे आकडे डावीकडून उजवीकडे मांडलेले असतात. ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहीत. लिपीत ‘प’ नाही, म्हणून ‘पाटील’ लिहिताना ‘ब’ येतो. मग पासपोर्ट, प्रमाणपत्र आणि करारनामा या तिन्हींत नाव एकच राहील, हे पाहणे अनुवादकाचे काम. कालगणनेचेही तसेच. हिजरी वर्ष सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान असते. दोन वर्षांची मुदत कोणत्या वर्षाने मोजावयाची हे स्पष्ट नसेल, तर सुमारे तीन आठवड्यांचा फरक पडतो.

या बारकाव्यांना इतके महत्त्व का, हे व्यापाराच्या इतिहासावरून कळते. मोती, खजूर आणि घोडे यांच्या व्यवहारासाठी अरब व्यापारी मुंबईस येत. आखाती बंदरांत भारतीय रुपया चाले. रिझर्व्ह बँकेने १९५९ साली त्या प्रदेशासाठी निराळ्या नोटाही काढल्या. कुवेतने १९६१ साली स्वतःचा दीनार काढला, आणि १९६६ च्या अवमूल्यनानंतर बहुतेक आखाती राज्यांतून रुपया उठला. पुढे १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, तिकडे बांधकामे निघाली आणि कोकणातील कितीतरी घरांतून माणसे कामासाठी आखातात गेली. एके काळी तिकडचा व्यापारी आपल्या रुपयात हिशेब करी. आता इकडचा माणूस तिकडच्या भाषेतील कागदावर सही करू लागला.

त्या कागदाला कायद्याचे बळ आहे. सौदी अरेबियाच्या २००५ सालच्या कामगार कायद्याप्रमाणे अरबीबरोबर दुसऱ्या भाषेतील मजकूर असला, तरी अरबी मजकूरच प्रमाण मानला जातो. संयुक्त अरब अमिरातीतील न्यायालयांचे कामकाजही प्रामुख्याने अरबीत चालते आणि तेथे परभाषेतील कागद परवानाधारक अनुवादकाकडून भाषांतरित करून द्यावे लागतात. म्हणजे कामगाराने इंग्रजी प्रतीत जे वाचले त्यावर त्याचा हक्क ठरत नाही. अरबी प्रतीत जे लिहिले त्यावर ठरतो. पगार, कामाचे तास, परतीचे भाडे यांपैकी एखादे कलम अनुवादात निसटले, तर त्याची झळ घरी पैशांची वाट पाहणाऱ्या कुटुंबाला लागते.

म्हणून या कामाला केवळ कोश पुरत नाही. कोशातून शब्द मिळतो. तो न्यायालयात कोणत्या अर्थाने घेतला जाईल, हे त्या देशाचा कायदा आणि व्यापाराची रीत जाणणाराच सांगू शकतो. चांगला अनुवादक संदिग्ध वाक्य आपल्या मनाने सोपे करीत नाही. तो संदिग्धता दाखवून देतो आणि सहीपूर्वी खुलासा मागावयास सांगतो. आकडे, नावे व तारखा तो मूळ प्रतीशी पुन्हा ताडून पाहतो. असा माणूस तयार होण्यास वर्षे लागतात.

त्याची सोय आपल्याकडे नाही असे नाही. मुंबई विद्यापीठात अरबीचे अध्यापन होते. भोसले घाट ज्या नगरीत आहे, त्याच काशीतील हिंदू विश्वविद्यालयातही अरबीचा विभाग आहे. अकराव्या शतकात अल् बिरूनीने भारताची विद्या समजून घेण्यासाठी संस्कृतचा अभ्यास केला आणि काशीचा निर्देश विद्येचे स्थान म्हणून केला. परक्या भाषेतील ग्रंथ समजावयाचा तर त्या भाषेचे परिश्रमपूर्वक अध्ययन हवे, हे त्याने जाणले होते. करारनाम्यालाही हाच नियम लागू आहे. फरक इतकाच की ग्रंथातील चूक पुढचा पंडित सुधारतो, करारनाम्यातील चूक सही करणाऱ्याला भोगावी लागते.