सरकारी अनुदान आणि आपले दप्तर

मध्यवर्ती सरकारकडून शेतकऱ्यांस निरनिराळ्या योजनांखाली पैसा मिळतो, हे आता बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु तो कोणास मिळतो, कोणत्या वाटेने येतो, आणि पात्र असूनही पुष्कळ खातेदारांच्या हाती का पडत नाही, ह्याची समज थोड्यांसच आहे. अनुदान मिळणे ही वशिल्याची किंवा नशिबाची गोष्ट होय, असा समज गावोगाव आढळतो. महसूल खात्यात अनेक वर्षे दप्तर सांभाळल्यावर प्रस्तुत लेखकाचे मत निराळे झाले आहे. अनुदान नांगराच्या मागे जात नाही, ते दप्तराच्या मागे जाते. ज्याचे दप्तर चोख, त्याचे निम्मे काम अर्जापूर्वीच झाले असे समजावे.

प्रथम तगाई आणि अनुदान ह्यांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. सन १८८३ चा जमीन सुधारणा कर्जाचा कायदा आणि सन १८८४ चा शेतकरी कर्जाचा कायदा ह्यांखाली आपल्या वाडवडिलांनी विहिरी, बांधबंदिस्ती, बैल व बियाणे ह्यांसाठी तगाई घेतली. ती कर्जाऊ रक्कम असे, आणि थकल्यास जमीनमहसुलाच्या बाकीप्रमाणे वसूल होई. अनुदान परत करावयाचे नसते, मात्र ते ठरलेल्या कामासाठी व ठरलेल्या अटींवरच मिळते. तिसरा प्रकार व्याजसवलतीचा. सन २०२० साली सुरू झालेल्या कृषी पायाभूत सुविधा निधीत २ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात ३ टक्के सवलत ठेवण्यात आली. येथे मुद्दल बँकेचे असते आणि ते फेडावेच लागते. कागदावर सही करण्यापूर्वी हे तिहींपैकी काय आहे, एवढे तरी विचारून घ्यावे.

आता पैसा कोठून येतो ते पाहू. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टाप्रमाणे शेती हा राज्यांच्या यादीतील विषय आहे. सबब मध्यवर्ती सरकार पैसा देते खरे, पण बहुतेक योजनांत तो राज्य सरकारच्या कृषी खात्यामार्फत वाटला जातो आणि राज्यही आपला वाटा घालते. म्हणून दिल्लीची योजना असली, तरी आपले काम तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कचेरीशीच पडते.

ठिबक व तुषार सिंचनाचे उदाहरण घेऊ. प्रधानमंत्री कृषी सिंचन योजना सन २०१५ साली निघाली. तिच्या सूक्ष्म सिंचन विभागात अल्प व अत्यल्प भूधारकांस मान्य खर्चाच्या ५५ टक्के आणि इतरांस ४५ टक्के अनुदान ठरले. महाराष्ट्र राज्याने पूरक अनुदान देऊन हे प्रमाण अनुक्रमे ८० व ७५ टक्क्यांपर्यंत नेले. समजा, अल्पभूधारकाच्या संचाचा मान्य खर्च १,००,००० रुपये आहे. ५५,००० रुपयांपैकी मध्यवर्ती सरकारचा हिस्सा शेकडा ६० म्हणजे ३३,००० रुपये व राज्याचा २२,००० रुपये. त्यावर राज्याचे पूरक २५,००० रुपये मिळून ८०,००० रुपये झाले. परंतु दुकानदाराचे बिल १,२०,००० रुपयांचे असेल, तर वरचे २०,००० रुपये सरकार पाहत नाही. खातेदारास एकंदर ४०,००० रुपये पदरचे घालावे लागतात. टक्केवारी ही बिलावर नसून मान्य खर्चावर असते, हा मुद्दा न कळल्यामुळे पुष्कळांचा हिशेब चुकतो. यंत्रसामग्रीच्या योजनेतही तसेच. तेथे अनुसूचित जाती व जमाती, महिला आणि अल्प-अत्यल्प भूधारक ह्यांस ५० टक्के व इतरांस ४० टक्के असे प्रमाण असले, तरी प्रत्येक अवजारास कमाल रक्कम ठरलेली असते. हे दर अधूनमधून बदलतात, म्हणून अर्जाच्या वर्षीचे दर कृषी कचेरीत पाहून घ्यावेत. एक हेक्टरपर्यंत जमीन असलेला तो अत्यल्प आणि एक ते दोन हेक्टरांपर्यंतचा तो अल्प भूधारक, हेही ध्यानात असावे.

दुसरी मोठी योजना प्रधानमंत्री किसान सन्मान निधीची. ती २४ फेब्रुवारी २०१९ रोजी सुरू झाली. वर्षास ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत, थेट बँकेच्या खात्यात जमा होतात. आरंभी दोन हेक्टरांची मर्यादा होती, ती त्याच वर्षी उठविण्यात आली. सन २०२३ पासून महाराष्ट्र सरकारने आपल्याकडून तेवढीच रक्कम नमो शेतकरी महासन्मान निधी ह्या नावाने जोडली. येथे कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अज्ञान मुले. दिनांक १ फेब्रुवारी २०१९ रोजी ज्याच्या नावे लागवडीची जमीन दाखल होती तो पात्र, असा मूळ नियम आहे. त्यानंतर मयताच्या वारसास वारसाहक्काने पात्रता येते. आयकर भरणारे, चतुर्थ श्रेणी सोडून सरकारी नोकर, आणि मासिक १०,००० रुपये वा अधिक निवृत्तिवेतन घेणारे ह्यांतून वगळले आहेत. प्रस्तुत लेखक स्वतः ह्याच वर्गात मोडतो, सबब त्याने अर्ज केलेला नाही. अपात्र असता रक्कम घेतल्यास ती परत करावी लागते, हे लोभात पडणाऱ्यांनी विसरू नये.

कोपरखैरण्यासारख्या गावी हा जमिनीचा मुद्दा विशेष नाजूक आहे. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण ह्या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींचे संपादन ठरले. आमच्या खाडीकाठची भातखाचरे त्यांतच गेली. ज्या घराण्याने पिढ्यान्पिढ्या भात पिकविला, त्याच्या नावे आज लागवडीची गुंठाभरही जमीन नसेल, तर शेतकरी म्हणून त्याचा अर्ज टिकत नाही. साडेबारा टक्के योजनेत मिळालेला भूखंड ही शेतजमीन नव्हे. परंतु ज्यांची वडिलोपार्जित किंवा खरेदीची जमीन अन्य तालुक्यांत अद्याप आहे, त्यांनी ती दूर आहे म्हणून तिच्या दप्तराकडे पाठ फिरवू नये. अशा जमिनींवर आजोबांचेच नाव चालू असल्याचे फार वेळा दिसून येते.

आता मुख्य गोष्ट. सातबाऱ्यावर मयताचे नाव असेल, तर जिवंताचा अर्ज पुढे सरकत नाही. जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या कलम १४९ प्रमाणे वारसाने तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यास, वर्दी द्यावयाची असते. मुदत टळली म्हणून हक्क बुडत नाही, मात्र काम लांबते. मृत्यूचा दाखला, वारसांची यादी व प्रतिज्ञापत्र जोडून वर्दी दिली म्हणजे फेरफार नोंदला जातो. हितसंबंधीयांस नोटिसा निघतात, हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते, आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. सन २०२५ साली राज्य सरकारने ‘जिवंत सातबारा’ ही मोहीम ह्याच कामासाठी काढली, ह्यावरून दोष किती पसरला होता हे दिसून येईल.

वारसांच्या यादीतून बहिणींची नावे गाळण्याची वाईट चाल काही ठिकाणी आहे. सन २००५ च्या दुरुस्तीने हिंदु वारसा कायद्यात मुलीस वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला आहे. नाव गाळून केलेली नोंद पुढे हरकतीत सापडते आणि त्याबरोबर अनुदानही अडते. बहिणीस हिस्सा नको असेल, तर तिने आपल्या खुषीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे. नको नसेल, तर तिचे नाव राहावे. न्याय आणि सोय ह्या दोन्ही दृष्टींनी हाच मार्ग बरा.

सामाईक खात्यात इतर खातेदारांचे संमतिपत्र लागते. दर वेळी भावाभावांच्या सह्या गोळा करण्यापेक्षा सर्वसंमतीने कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप करून घेणे हिताचे. सातबाऱ्यावरील, आधारपत्रावरील व बँकेच्या पुस्तकावरील नाव एकच असावे. एकीकडे ‘रामा’ व दुसरीकडे ‘रामचंद्र’ एवढ्या फरकानेही अर्ज थांबतो. दप्तरातील लेखनदोष असल्यास कलम १५५ प्रमाणे तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करावा. उभ्या पिकाची ई-पीक पाहणी दर हंगामी स्वतः नोंदवावी. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांकही राज्यात आवश्यक झाला आहे. तोही ह्याच दप्तरावरून निघतो.

एवढे झाल्यावर अर्जाचा क्रम सोपा आहे. तो पुढीलप्रमाणे :

१. महाडीबीटी ह्या सरकारी संकेतस्थळावर, स्वतः किंवा सेवा केंद्रातून, अर्ज भरावा व पावती जपून ठेवावी.

२. निवड झाल्यावर मागितलेले कागद, जसे दरपत्रक, जातीचा दाखला, संमतिपत्र, मुदतीत दाखल करावेत.

३. पूर्वसंमतिपत्र हाती आल्यावाचून एक पैशाचीही खरेदी करू नये. आधी घेतलेल्या वस्तूवर अनुदान मिळत नाही.

४. खरेदीचे पक्के बिल घ्यावे व रक्कम बँकेमार्फत द्यावी.

५. बिल दाखल केल्यावर जागेवर तपासणी होते आणि त्यानंतर रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात येते.

अर्ज फेटाळला गेला, तर कारण लेखी मागावे. तोंडी उत्तरावर समाधान मानू नये. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली १० रुपये शुल्कात अर्ज देता येतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. फेरफाराच्या निर्णयाविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील करता येते. ह्या दोन वाटा ठाऊक असल्या म्हणजे मध्यस्थाच्या दारी जाण्याचे कारण उरत नाही. ‘मी काम करून देतो’ म्हणून आगाऊ पैसे किंवा आधारचा सांकेतिक क्रमांक मागणाऱ्यास तेथेच नमस्कार करावा.

आमच्या मंडळाच्या सभासदांस एवढीच विनंती की, पावसाळ्यापूर्वी एक दिवस काढून सातबारा, आठ-अ व फेरफार ह्यांच्या ताज्या नकला घ्याव्यात आणि घरातील सर्वांसमक्ष वाचाव्यात. ज्यांस अक्षर लागत नाही त्यांस मंडळाच्या साक्षर सभासदांनी वाचून दाखवाव्यात. जे नाव चुकले वा राहिले असेल त्याची वर्दी त्याच आठवड्यात द्यावी. योजना येतील व जातील, दरही बदलतील; परंतु चोख दप्तर प्रत्येक योजनेस उपयोगी पडेल आणि पुढच्या पिढीचे तंटेही वाचवील.