घरात सिड हवाय की नको?

'टॉय स्टोरी' पाहिलाय ना? मग त्यातला शेजारचा सिड आठवत असेलच. खेळणी मोडायची, एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडाला चिकटवायचं, हाच त्याचा टाइमपास! डेबियन या फुकट मिळणाऱ्या लिनक्सच्या व्हर्जन्सना याच सिनेमांतल्या पात्रांची नावं आहेत. (डेबियनचे सुरुवातीचे एक म्होरके ब्रूस पेरेन्स तेव्हा पिक्सारमध्येच नोकरीला होते.) २०२३ मध्ये 'बुकवर्म' आलं, ऑगस्ट २०२५ मध्ये 'ट्रिक्सी'. आणि जे कायम कच्चंच असतं, रोज बदलतं, त्या अनस्टेबल व्हर्जनचं नाव? अर्थातच सिड.

विंडोज सोडून डेबियनकडे वळलात की पहिला प्रश्न हाच पडतो: स्टेबल घ्यायचं की सिड? ताजं सॉफ्टवेअर आधी सिडमध्ये येतं. तिथे काही दिवस तगलं, मोठा बग निघाला नाही, की 'टेस्टिंग'मध्ये सरकतं. साधारण दोन वर्षांनी हे टेस्टिंग गोठवतात, काही महिने घासूनपुसून घेतात आणि तेच नवं स्टेबल म्हणून बाहेर येतं.

इथे एक गैरसमज हमखास होतो. स्टेबल म्हणजे 'कधीच हँग न होणारं' नव्हे, तर 'न बदलणारं'. सिक्युरिटीचे अपडेट्स येत राहतात, पण बहुतेक प्रोग्रॅम्सची व्हर्जन्स रिलीजच्या दिवशी होती तीच राहतात. वर्षभराने ती शिळी वाटतात, हे खरंय. पण सोमवारी सकाळी नऊला प्रेझेंटेशन असताना हाच शिळेपणा जाम आवडायला लागतो!

मग सिड वापरतं कोण? मार्च २०२४ ची गोष्ट ऐका. मायक्रोसॉफ्टमधले इंजिनीअर आंद्रेस फ्रॉइंड आपल्या डेबियन सिडवर डेटाबेसच्या टेस्ट घेत होते. रिमोट लॉगिनला जेमतेम अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्यांना खटकलं. तुम्ही-आम्ही दुर्लक्ष केलं असतं. त्यांनी खोदकाम केलं आणि 'एक्सझेड' या फाइल्स कॉम्प्रेस करणाऱ्या छोट्याशा टूलमध्ये चक्क चोरदरवाजा सापडला. 'जिया टॅन' नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षं इमानेइतबारे काम करून विश्वास कमावला होता, आणि मग तो घुसवला होता. २९ मार्चला फ्रॉइंडनी हे जाहीर केलं, तेव्हा हे टूल सिड आणि टेस्टिंगमध्ये पोचलेलं होतं. स्टेबलमध्ये नव्हतं. म्हणजे चोर शिरला तो सिडच्या दारातून, आणि पकडला गेला तोही सिडवरच. स्टेबलवाले निवांत झोपू शकले, कारण पुढच्या खोलीत कुणीतरी जागं होतं.

तेव्हा माझं मत विचाराल, तर ज्या लॅपटॉपवर पगार चालतो, तिथे स्टेबल. एखादं नवं व्हर्जन हवंच असेल, तर 'बॅकपोर्ट्स' बघा. स्टेबलवर चालतील अशी निवडक ताजी पॅकेजेस तिथे मिळतात. टेस्टिंग हा सेफ मधला मार्ग वाटतो खरा, पण सिक्युरिटीचे अपडेट्स तिथे बरेचदा उशिरा पोचतात. त्यापेक्षा सरळ सिडच बरं. पण ते जुन्या लॅपटॉपवर किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये, आणि काही मोडलं तर बग रिपोर्ट लिहायची तयारी ठेवूनच. रिपोर्टच करणार नसाल, तर नुसतं मिरवायला सिड कशाला?

एक मात्र करू नका. स्टेबलमध्ये दोन-चार गोष्टी सिडच्या ढकलायचा मोह होतो. या खिचडीला डेबियनवाले 'फ्रँकनडेबियन' म्हणतात. सिनेमातल्या सिडच्या खेळण्यांसारखंच, डोकं एकाचं, धड दुसऱ्याचं! शिवाय स्टेबलवरून सिडवर जाणं सोपं आहे, पण उलट्या दिशेला अधिकृत रस्ता नाही. परत यायचं तर बॅकअप घ्या, डिस्क पुसा आणि सगळं नव्याने इन्स्टॉल करा. अख्खा रविवार गेलाच म्हणून समजा.