साडेपाच तास मागचं घड्याळ

सकाळचे दहा वाजलेत. लॅपटॉप सुरू करून विंडोज उघडलं, तर खालच्या कोपऱ्यातलं घड्याळ पहाटेचे साडेचार दाखवतंय. काल दुपारी ते अगदी बरोबर होतं. मधल्या वेळात एवढंच झालं, की त्याच लॅपटॉपवर कुणीतरी तासभर लिनक्स वापरलं.

साडेपाच तास हा आकडा आपल्या ओळखीचा आहे. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या तेवढीच पुढे असते. प्रत्येक संगणकाच्या आत एक छोटं घड्याळ सतत चालू असतं, वीज नसतानाही. त्यात स्थानिक वेळ लावलेली आहे, असं विंडोज धरून चालतं. लिनक्स मात्र तिथे जागतिक वेळ ठेवतं आणि पडद्यावर दाखवताना त्यात साडेपाच तास मिळवतं. आपापल्या जागी दोन्ही रीती बरोबर आहेत. पण घड्याळ एकच आहे, ते वापरणाऱ्या दोघांची गाठ कधीच पडत नाही आणि आपल्याशिवाय या यंत्रात दुसरं कुणी राहतं, याची दोघांनाही कल्पना नसते.

एकाच संगणकावर दोन ऑपरेटिंग सिस्टीम बसवणं आणि सुरू करताना आज कोणती हवी ते निवडणं, याला ड्युअल बूट म्हणतात. एका वाड्यात दोन बिऱ्हाडं, पण एक जागं असताना दुसरं गाढ झोपलेलं. यात येणाऱ्या जवळजवळ सगळ्या अडचणी त्या घड्याळासारख्याच असतात: यंत्र आपलं एकट्याचंच आहे, असं दोघांनीही गृहीत धरलेलं असतं. हे एकदा ध्यानात आलं, की हे काम वाटतं तितकं गूढ राहत नाही.

मुळात हा खटाटोप कशासाठी? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित आधार थांबवला. वाढीव सुरक्षेची मुदत घेता येते, पण तीही मर्यादितच. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि प्रोसेसरही तुलनेने नवा लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारे कितीतरी लॅपटॉप त्या यादीबाहेर राहिले. अशा यंत्रांवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू मजेत चालतं. पण म्हणून विंडोज पुसून टाकणं सगळ्यांना परवडत नाही. मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी करणाऱ्यांचंच बघा. त्यांच्या जुन्या फाइली पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीमध्ये असतात. त्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडला, की पानभर रोमन अक्षरं आणि चिन्हं यांचा चिवडा दिसतो. हिशेबाचं टॅलीही विंडोजवरचंच. म्हणजे छापखान्याच्या कामासाठी विंडोज, आणि इंटरनेट, ईमेल, नवं लेखन, मुलांचा प्रोग्रॅमिंगचा अभ्यास यांसाठी लिनक्स, अशी वाटणी अगदी व्यवहार्य ठरते. फक्त ज्या विंडोजला आता सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, ते शक्यतो इंटरनेटपासून लांबच ठेवावं.

लिनक्सचा हा दोन सिस्टीमचा संसार त्याच्या जन्मापासूनचाच आहे. १९९१च्या जानेवारीत हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ३८६ प्रोसेसरचा संगणक घेतला आणि त्यावर अँड्र्यू टॅनेनबॉम यांची मिनिक्स ही प्रणाली चालवायला सुरुवात केली. त्याच यंत्रावर, मिनिक्सच्या शेजारी, त्याने स्वतःची प्रणाली लिहिली. एके दिवशी विद्यापीठाच्या संगणकाशी जोडणी करताना नंबर लावायचा आदेश मोडेमऐवजी चुकून हार्ड डिस्ककडेच गेला आणि मिनिक्सचा भाग खराब झाला. मिनिक्स पुन्हा बसवायचं, की आता आपल्याच प्रणालीवर भिस्त ठेवायची? त्याने दुसरा रस्ता धरला. ‘जस्ट फॉर फन’ या आत्मकथनात त्याने हा प्रसंग सांगितला आहे. चुकीच्या ठिकाणी गेलेल्या एका आदेशाने अख्खं बिऱ्हाड कसं उठतं, याचा याहून चांगला दाखला नाही.

त्या काळात संगणक सुरू झाला, की डिस्कचा अगदी पहिला तुकडा वाचायचा. तो ५१२ बाइटचा. त्यातले ६४ बाइट पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या भागांच्या, नोंदींसाठी, दोन बाइट खुणेसाठी आणि उरलेल्या ४४६ बाइटमध्ये सिस्टीम उठवणारा कार्यक्रम. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं. म्हणजे या लेखातली एक-दोन वाक्यं लिहिली की ती जागा संपली. एवढ्याशा जागेत एकाच सिस्टीमचा उठवणारा मावायचा आणि नंतर येणारा आधीच्याला पुसून तिथे बसायचा. विंडोज नव्याने टाकलं की लिनक्स गायब, ही तक्रार तिथून आली. ‘आधी विंडोज, मग लिनक्स’ हा नियमही तिथलाच. लिनक्सकडून आधी लिलो आणि पुढे ग्रब हे उठवणारे आले. ते शेजाऱ्याची दखल घेत आणि दोन्ही नावांची यादी समोर ठेवत.

आताच्या यंत्रांत यूईएफआय ही सुरू होण्याची नवी पद्धत असते. डिस्कवर एक लहानसा सामाईक भाग राखलेला असतो आणि त्यात प्रत्येक सिस्टीमचा वेगळा फोल्डर. वाड्याच्या दिंडीदरवाजावर दोन्ही बिऱ्हाडांच्या पाट्या शेजारी शेजारी लावल्यासारखं हे आहे. कुणी कुणाची पाटी काढायची गरज उरली नाही. भांडण होतं ते फक्त पहिली पाटी कुणाची यावर. विंडोज आधी टाकण्याचा नियम मात्र आजही पाळावा, कारण नंतर आलेलं विंडोज स्वतःची पाटी सगळ्यात वर लावून घेतं.

प्रत्यक्ष लिनक्स बसवायला बहुधा अर्धा-पाऊण तास पुरतो. खरं काम त्याआधीचं आहे आणि ते विंडोजमध्ये बसूनच करायचं असतं. नेमकी तीच पायरी लोक घाईत उडी मारून ओलांडतात.

सगळ्यात आधी फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर. लग्नाचे फोटो, शाळेचे दाखले, हिशेब, जे गमावलं तर परत मिळणार नाही ते सगळं. त्यानंतर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप. नव्या विंडोजच्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. सुरू होण्याच्या क्रमात बदल दिसला, की विंडोजला संशय येतो आणि निळ्या पडद्यावर ४८ आकडी किल्ली मागितली जाते. ही किल्ली बहुतेक वेळा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. ती आधीच शोधून कागदावर उतरवावी. सहा-सहा आकड्यांचे आठ गट आहेत का, हे मोजून बघावं आणि कागद लॅपटॉपच्या बॅगेत न ठेवता कपाटात ठेवावा. किल्ली हरवली तर आतल्या फाइली मायक्रोसॉफ्टलाही उघडून देता येत नाहीत. उबुंटूच्या बऱ्याच आवृत्त्यांचा इन्स्टॉलर तर बिटलॉकर दिसलं, की ते आधी बंद करून या, असं सांगून थांबतो.

फास्ट स्टार्टअप हीसुद्धा अशीच न दिसणारी गोष्ट. विंडोज ८पासून ‘शट डाउन’ दाबलं, तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. आपल्या गाभ्याची अवस्था डिस्कवर लिहून ते डोळे मिटतं, म्हणजे पुढच्या वेळी लवकर उठता येतं. एकट्याच्या घरात हे ठीक आहे. पण त्या अर्धवट झोपेत लिनक्सने येऊन विंडोजच्या भागात एखादी फाइल लिहिली, तर जागं झालेलं विंडोज जुन्याच आठवणीवर चालतं आणि माहिती बिघडते. म्हणून लिनक्स असा भाग बहुधा फक्त वाचू देतं, लिहू देत नाही. ‘माझ्या डी ड्राइव्हवर लिनक्समधून फाइल ठेवताच येत नाही’ ही नवशिक्यांची नेहमीची तक्रार, आणि तिचं कारण हेच. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ही सोय बंद करता येते.

मग वाटणी. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हवर उजवी टिचकी मारून ‘श्रिंक व्हॉल्यूम’ निवडलं, की जागा किती कमी करायची ते विचारणारी चौकट येते. आकडा एमबीत द्यायचा असतो. पन्नास जीबी हवे असतील तर ५१२००. ओके केलं, की निळ्या पट्टीच्या शेजारी काळ्या माथ्याचा एक तुकडा उगवतो आणि त्यावर लिहिलेलं असतं ‘अनअलोकेटेड’. तो तसाच मोकळा सोडायचा. त्याला नाव देऊ नये, फॉरमॅटही करू नये. उबुंटू किमान २५ जीबी मागतं, पण पुढे पस्तावायचं नसेल तर दुप्पट जागा द्यावी. कधी डिस्कवर शंभर जीबी रिकामे असूनही विंडोज वीसच सोडायला तयार होतं. मधोमध काही न हलणाऱ्या फाइली बसलेल्या असतात आणि त्यांच्या अलीकडे सरकता येत नाही. हायबरनेशन तात्पुरतं बंद केलं, की बऱ्याचदा ही अडचण सुटते.

लिनक्सची फाइल उतरवून रूफससारख्या साधनाने ती पेन ड्राइव्हवर चढवायची. लॅपटॉप सुरू होताना डेल किंवा लेनोवो असेल तर बहुधा एफ१२, एचपी असेल तर एफ९ दाबून पेन ड्राइव्ह निवडायचा. इथे लिनक्सची एक फार मोलाची सोय आहे. डिस्कला हात न लावता ते थेट पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येतं. वाय-फाय लागतो का, आवाज येतो का, टचपॅड चालतो का, देवनागरी नीट दिसते का, सगळं तपासावं. एक अख्खी संध्याकाळ त्याला द्यावी. काही यंत्रांत इंटेलच्या आरएसटी या व्यवस्थेमुळे लिनक्सला डिस्क दिसतच नाही. हे तेव्हाच कळलेलं बरं, कारण ती व्यवस्था विंडोजला पूर्वसूचना न देता बदलली तर विंडोज उठत नाही.

इन्स्टॉलरमध्ये भाषा, कीबोर्ड, वाय-फाय असे पडदे भराभर जातात. एका पडद्यावर मात्र हात थांबायला हवा. तिथे दोन पर्याय जवळ जवळ असतात. एक सांगतो, विंडोजच्या शेजारी बसवा. दुसरा सांगतो, डिस्क पुसून बसवा. अनेकांची वर्षानुवर्षांची माहिती या दोन ओळींमधल्या अर्ध्या इंचात गेली आहे. शेजारी बसवण्याचा पर्याय दिसतच नसेल, तर काहीतरी जुळलेलं नाही असं समजून मागे फिरावं. दुसरा पर्याय ‘बघू या’ म्हणून निवडून पाहण्याजोगा नाही.

सगळं जमलं, की पुढच्या वेळी काळ्या किंवा जांभळट पडद्यावर यादी येते: वर उबुंटू, खाली विंडोज बूट मॅनेजर. दहा सेकंद ती वाट बघते आणि मग पहिल्या नावाने चालू लागते. यादीत विंडोज नसेल तर घाबरायचं कारण नाही. ग्रबच्या २०२१मधल्या २.०६ या आवृत्तीपासून शेजारी शोधण्याचं काम सुरक्षेपोटी मुळातच बंद ठेवलेलं असतं. काही लिनक्समध्ये ते हाताने सुरू करावं लागतं. विंडोज डिस्कवर जागच्या जागी असतं.

राहिला प्रश्न सिक्युअर बूटचा. २०१२मध्ये विंडोज ८बरोबर हा पहारेकरी दारावर आला. सहीशिक्का नसलेल्या उठवणाऱ्याला तो आत सोडत नाही. लिनक्सच्या मोठ्या वितरणांनी ‘शिम’ नावाचा छोटा कार्यक्रम मायक्रोसॉफ्टकडून सही करून घेतला आणि वाट काढली. ऑगस्ट २०२४मध्ये विंडोजच्या मासिक अपडेटने जुन्या, धोकादायक ग्रबना अडवणारी नवी यादी यंत्रांत भरली. ड्युअल बूट असलेल्या यंत्रांना ती लागू होणार नाही, असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं. पण सगळ्या यंत्रांत शेजारचं बिऱ्हाड ओळखता आलं नाही. कितीतरी लोकांचं लिनक्स सुरूच होईना, काहींचे पेन ड्राइव्हही अडले. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून, लिनक्समध्ये शिरून ती यादी पुसावी लागली. यात वापरणाऱ्याची तिळमात्र चूक नव्हती. दोन बिऱ्हाडं सांभाळणाऱ्याने हे मनाशी धरून ठेवावं: कधीतरी एक संध्याकाळ दुरुस्तीत जाणार आहे आणि त्यासाठी लिनक्सचा ताजा पेन ड्राइव्ह ड्रॉवरमध्ये असलेला बरा.

ज्यांना हे नको असेल त्यांच्यासाठी व्हर्च्युअलबॉक्स आहे. विंडोजच्या आतच एका चौकटीत लिनक्स चालतं. पण मग दोघांना मेमरी वाटून द्यावी लागते आणि चार जीबीच्या जुन्या यंत्राचा त्यात जीव जातो. ज्या यंत्रांसाठी लिनक्स हवंय त्यांनाच ते झेपत नाही. ड्युअल बूटची वाट अॅपलनेही धरली होती: २००६ साली बूट कॅम्प आणून मॅकवर विंडोजला जागा दिली होती. २०२०मध्ये स्वतःच्या चिप आल्या आणि त्या यंत्रांपुरती ती सोय संपली.

लिनक्सशी ओळख मराठीतून करून घ्यायची, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीतही ऐकायला मिळतात. देवनागरी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड लिनक्समध्ये आधीपासूनच असतो.

आणि ते घड्याळ? लिनक्सच्या टर्मिनलमध्ये एका ओळीचा आदेश दिला, की तेही यंत्रातल्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवायला लागतं. एकदा वेळ बरोबर लावली, की पुन्हा मागे पडत नाही.

एखाद्याला लिनक्स मानवत नाही, असंही होतं. तेव्हा डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन लिनक्सचा भाग पुसण्याचा मोह होतो आणि दुसऱ्या दिवशी काळ्या पडद्यावर नुसती ‘ग्रब’ ही अक्षरं लुकलुकत बसतात. दारावरची पाटी आहे, आत घर नाही. क्रम उलटा हवा. आधी यूईएफआयच्या सेटिंगमध्ये जाऊन विंडोज बूट मॅनेजर पहिल्या क्रमांकावर आणायचा, विंडोज सरळ उघडतं याची दोनदा खात्री करायची, मग लिनक्सचा भाग पुसायचा आणि मोकळी जागा सी ड्राइव्हला परत जोडायची. त्यानंतरही एफ१२च्या यादीत उबुंटूचं नाव दिसत राहू शकतं. त्याने काही बिघडत नाही.