बेणारेबाई, छबिलदास आणि पडद्यावरची आई

१९७७ मध्ये श्याम बेनेगलांच्या ‘भूमिका’त सुलभा देशपांडे स्मिता पाटीलच्या आई झाल्या, तेव्हा त्यांनी नुकती चाळिशी गाठली होती. तीन वर्षांनी सईद मिर्झांच्या ‘अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है’मध्ये त्या नसीरुद्दीन शाहच्या आई झाल्या. नसीर त्यांच्याहून जेमतेम तेरा वर्षांनी धाकटे! नाटकात ज्या बाईने अख्खं कोर्ट अंगावर घेतलं, तिच्यात सिनेमावाल्यांना आधी दिसली ती आईच. याचा राग सुलभाताईंना आला असो वा नसो, मला येतो.

त्यांचा जन्म १९३७चा, मुंबईचा. माहेरचं आडनाव कामेरकर. नाटकाआधी त्या शिक्षिका होत्या, दादरच्या छबिलदास शाळेत. शाळेतल्या मुलांना घेऊन नाटकं बसवायची हौस तिथलीच आणि ती पुढे आयुष्यभर टिकली. १९६० मध्ये विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे वगैरे मंडळींनी ‘रंगायन’ उभी केली. सुलभाताईंचं नाव झालं ते या संस्थेच्या नाटकांतून. अरविंद देशपांडे त्यांचे दिग्दर्शक आणि नवराही.

मग आलं १९६७ आणि ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. राज्य नाट्यस्पर्धेच्या निमित्ताने तेंडुलकरांनी ते रंगायनसाठी लिहिलं आणि अरविंद देशपांड्यांनी बसवलं. प्रभादेवीच्या रवींद्र नाट्य मंदिरात ते पहिल्यांदा झालं. लीला बेणारे ही शाळेतली बाई. हौशी नाटकवाल्यांच्या टोळीबरोबर ती गावातल्या एका सभागृहात येते. वेळ घालवायला म्हणून लुटुपुटुचा खटला उभा करतात, आरोपी हिलाच करतात आणि थट्टेथट्टेत आरोप ठेवतात तो भ्रूणहत्येचा. बघता बघता थट्टा संपते. बाईच्या खासगी आयुष्याची लक्तरं एकेक करून टेबलावर येतात.

या नाटकातली दाराची कडी बघण्यासारखी आहे. सुरुवातीला दार उघडताना बेणारेचं बोट कडीत चिमटतं. ती ते चोखते, हसण्यावारी नेते. पुढे खटला अंगाशी येतो आणि ती पिशवी उचलून निघते, तेव्हा तेच दार उघडत नाही. कडी बाहेरून लागलेली असते. तेंडुलकरांनी कसलंही भाष्य न करता एका कडीवर आख्खं नाटक टांगलंय. नटीला मात्र ते दोन्ही वेळा हाताने करून दाखवावं लागतं, पहिल्या वेळी सहज आणि दुसऱ्या वेळी घाबरून. वाचताना या दोन क्षणांमधलं अंतर कळत नाही, बघताना कळतं.

शेवटाकडे न्यायाधीश झालेले काशीकर आरोपीला बोलायला दहा सेकंद देतात. बाकीचे सगळे जागच्या जागी गोठतात आणि बेणारेचं ते लांबलचक स्वगत सुरू होतं. घड्याळातली दहा सेकंद आणि रंगमंचावरची कितीतरी मिनिटं. हे स्वगत मुळात लिहिलेलंच नव्हतं. तालमी चालू असताना त्याची गरज पडली आणि तेंडुलकरांकडून ते मागून घेतलं गेलं. आज अभिनयाच्या परीक्षांना मुली हेच स्वगत घेऊन येतात, तेही बहुतेक वेळा रडून. पण हे स्वगत नुसतं रडण्याचं नाही. त्यात उपहास आहे, देहाबद्दलची ओढ आहे आणि शाळेतल्या पोरांविषयीची माया आहे. स्वतः वर्गात उभी राहिलेली बाई ती माया वेगळ्या तऱ्हेने बोलणार, हे उघड आहे.

१९७१ मध्ये सत्यदेव दुबेंनी या नाटकावर मराठी चित्रपट केला. बेणारे अर्थात सुलभाताईच. चित्रपट कृष्णधवल आहे, कॅमेऱ्यामागे गोविंद निहलानी आणि कलाकारांत अमरीश पुरी, अमोल पालेकर. पुढे समांतर सिनेमा म्हणून जे नावाजलं गेलं, त्याचे निम्मे शिलेदार इथे आधीच जमलेले दिसतात.

त्याच वर्षी अरविंद, सुलभा आणि अरुण काकडे यांनी ‘आविष्कार’ काढली. पहिलं नाटक गिरीश कर्नाडांचं ‘तुघलक’, मराठी रूप तेंडुलकरांचं, तुघलक अरुण सरनाईक. एवढं मोठं नाटक करून झालं, पण संस्थेला हक्काची जागा कुठे होती? प्रायोगिक नाटकवाल्याला मोठ्या थिएटरचं भाडं परवडत नाही, तारखाही मिळत नाहीत. तेव्हा सुलभाताईंच्या जुन्या शाळेचा हॉल कामी आला. १९७४ पासून छबिलदासमध्ये प्रयोग होऊ लागले. शाळा सुटली की नाटक. दुबेंचं ‘थिएटर युनिट’, पालेकरांची ‘अनिकेत’ आणि इतर बऱ्याच संस्था तिथे आल्या. ‘छबिलदास चळवळ’ हे नाव नंतर पडलं. चळवळ करायची असं ठरवून कुणी बसलं नव्हतं, जागेची अडचण होती आणि ती भागत होती.

दादर स्टेशन पायाखाली असल्याचा मोठा फायदा होता. कल्याणचा, विरारचा माणूस ऑफिस सुटल्यावर येऊन नाटक बघून परत जाऊ शकायचा. गल्लीत श्रीकृष्णचा बटाटावडा होताच. नट आणि प्रेक्षक यांच्यात हातभर अंतर. गिरगावच्या साहित्य संघात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय झालेल्या नटाला इथे आवाज आवरावा लागे, नाहीतर पहिल्या रांगेतला माणूस दचकायचा. मराठी नटांचा पडद्यावरचा संयम इथे घडला, असं माझं मत आहे.

सुलभाताईंच्या सिनेमातल्या आया बघताना तो संयम ओळखू येतो. ‘अल्बर्ट पिंटो’तला बाप म्हणजे अरविंद देशपांडेच, गिरणी कामगार. संपाच्या दिवसांत गुंडांकडून मार खाऊन तो घरी येतो. परळ-लालबागमधल्या गिरण्यांचा १८ जानेवारी १९८२ चा मोठा संप तेव्हा अजून व्हायचा होता. या घरात आई फारसं बोलत नाही, तिचं लक्ष सगळ्यांवर असतं. ‘चौकट राजा’त (१९९१) मतिमंद नंदूची, म्हणजे दिलीप प्रभावळकरांची आई करताना त्यांनी डोळ्यांतलं पाणी किती जपून वापरलंय, ते परत बघावं. ‘इंग्लिश विंग्लिश’मधली (२०१२) सासू तर दोनचार प्रसंगांपुरती.

या कामांच्या मधल्या जागेत दुसरा एक उद्योग चालू होता, त्याची दखल वर्तमानपत्रांनी कमी घेतली. आविष्कारची बालशाखा ‘चंद्रशाला’ त्यांनी चालवली. ‘दुर्गा झाली गौरी’ हे तिथलं नृत्यनाट्य मुलांच्या कित्येक तुकड्यांनी केलं. तेंडुलकरांच्या ‘राजाराणीला घाम हवा’ या बालनाट्यावरून त्यांनी १९७८ मध्ये ‘राजा रानी को चाहिए पसीना’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. बालनाट्याला दुय्यम समजणाऱ्या आपल्याकडे तो कुणी फारसा आठवत नाही.

१९८७च्या सुरुवातीला अरविंद गेले. त्याच वर्षी सुलभाताईंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला छबिलदासचा हॉल सुटला आणि आविष्कारने माहीमच्या महापालिका शाळेत बिऱ्हाड मांडलं. काकडेंनी तिथे दर वर्षी अरविंद देशपांडे स्मृती महोत्सव भरवला. म्हणजे पुन्हा शाळाच, फक्त या वेळी मराठीचे वर्ग ओस पडत चाललेल्या शहरातली. सुलभाताई ४ जून २०१६ रोजी गेल्या, काकडे २०१९ मध्ये. रंगायनमधली मूळ बेणारे आता कुणाला बघता येणार नाही. दुबेंच्या चित्रपटातली बघता येते. ती बघताना त्यातल्या कडीवर लक्ष असू द्या.