मोटरसायकलचे फेअरिंग : प्रयोजन व मर्यादा (गगनबावडा घाटमार्गाच्या संदर्भात)

मोटरसायकलच्या पुढील व बाजूच्या भागांवर बसविलेले प्लास्टिक अथवा फायबरचे आवरण म्हणजे फेअरिंग. ते केवळ शोभेसाठी असते, हा समज अपुरा आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 40 ऐवजी 80 किलोमीटर वेग घेतल्यास तो चौपट होतो आणि त्यावर मात करण्यास आठपट शक्ती लागते. हा रोध घटविणे व चालकाच्या छातीवरील वाऱ्याचा दाब कमी करणे, हे फेअरिंगचे मूळ प्रयोजन होय.

गगनबावड्याहून करूळ वा भुईबावडा घाटाने कोकणात उतरताना मात्र वळणांमुळे वेगच कमी असतो. तेथे हा लाभ नगण्य ठरतो. उरतो तो पावसाचा मारा काहीसा अडविण्याचा उपयोग. उलट घाटमाथ्यावर बाजूने येणारा वारा आवरणाच्या विस्तृत पृष्ठभागावर आदळून वाहन ढकलतो. पुढचे चाक पूर्णपणे झाकणारी आवरणे प्रामुख्याने याच कारणास्तव 1958 पासून जागतिक शर्यतींतून बाद झाली. हँडलला जोडलेले आवरण तर वाऱ्याचा धक्का थेट सुकाणूवर आणते. त्यामुळे पावसाळ्यात या मार्गाने नित्य जाणाऱ्यास सांगाड्याला जोडलेले अर्धे आवरण, उदाहरणार्थ 2007 मध्ये आलेल्या बजाज पल्सर 220 चे, अधिक सोयीचे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.